जावईबापूंचा पत्ता नाही

सोमवार, ४ मार्च
आज ऑफिस वरच्या मजल्यावर हललं. खोकी, धूळ, कोणाचं काय कुठे पत्ता नाही. माझा टेबलफोन खालीच राहिला.
जावईबापू सकाळच्या कॉलवर आला नाही. परदेशात आपला एवढा एकच माणूस, तिकडच्या गिऱ्हाइकांची पॅकिंग मशिनं एकटा सांभाळतो. दिसतो फक्त पडद्यावर, आणि त्याचं सगळं हसून ऐकायचं, म्हणून ऑफिसभर जावईबापू. "रुसला असेल," साहेब म्हणाले. मीही हसले.

मंगळवार, ५
आजही नाही. मोबाईल बंद. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात विचारलं — शुक्रवारी काम संपवून गेला म्हणे. खोलीवर एकटा राहतो. दार कोण वाजवणार? तिथे आपलं म्हणायला चिटपाखरू नाही.
आणि हे माझंच डोकं. एका माणसासाठी तिकडे ऑफिस कशाला, त्याचं बघायला तिथली एखादी संस्था तरी कशाला नेमायची, सगळं इथून बघते मी — असं मीच साहेबांच्या गळी उतरवलं. "हुशार आहेस," म्हणाले होते.

बुधवार, ६
तिकडच्या पोलिसांना फोन. मध्ये दुभाष्या. तुमचा इथला पत्ता? नाही. तुमच्या वतीने सही करणारं कोण? कोणी नाही. मग तो तुमचा माणूस, हे कशावरून मानायचं?
फोन ठेवून साहेबांकडे गेले.
साहेब म्हणतात, "तूच जा." व्हिसाला पंधरा दिवस! घरी हे म्हणाले, "अगं, मोबाईल बिघडला असेल." खूप भीती वाटते आहे.

गुरुवार, ७
सकाळी त्याची फाईल काढली. त्याच्या ओळखपत्राच्या मागे छापलंय — अडचणीत संपर्क. तो रकाना रिकामा ठेवला की ओळखपत्राचा फॉर्म पुढे सरकत नव्हता. तिथलं कोणाचं नाव टाकणार? मी माझ्या टेबलफोनचा नंबर टाकून मोकळी झाले होते.

गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत
खाली गेले. उरलेलं सामान बांधणारे शिपाईमामा म्हणाले, "सोमवारपासून वाजत होता, ताई. कोणी बाई होती. तुमचं नाव तेवढं कळायचं. मागे सारखं टूं-टूं वाजायचं, दवाखान्यात वाजतं तसं. तुम्हाला सांगावं सांगावं म्हणत राहूनच गेलं."
मी खुर्ची ओढून फोनपाशी बसले.
"आता नाही वाजत," ते म्हणाले. "काल दुपारपासून गप्प आहे."