पहिला मासा

बोडो, १२ ऑक्टोबर १९८६

ती. बोर्गहिल्डताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी निकाल सांगितला. फुप्फुसं कामातून गेली, पाण्यात उतरणं कायमचं बंद. नुसत्या हौसेखातर कोणी असल्या गारठ्यात बुडी मारतं का, असं वर विचारलं. शब्द अगदी तुझेच, फक्त पाठीत धपाटा नव्हता. होडीघरातला माझा रबरी पोशाख कोणाला तरी देऊन टाक.

एक गोष्ट मात्र जिवाला लागून राहिलीय. लाल होडीघराचा कोपरा चर्चच्या मनोऱ्याखाली आला आणि काळा खडक भूशिराला टेकला, की होडी थांबवायची. खाली पाच मीटरवर, कपारीत, माझा लांडगामासा राहतो. आमची नऊ वर्षांची ओळख. ओठावर वण आहे. मी दिसलो की थोबाड बाहेर काढतो. इतकं कुरूप थोबाड तू भावोजींचंही पाहिलं नसशील!

मादी अंडी घालून निघून गेलीय. तो त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसलाय, वसंतापर्यंत काही खाणार नाही. तो उठला तर काटेरी गोळे, ते साळूसारखे तळावर सरपटणारे जीव, अंडी फस्त करतील. तळावरचं शेवाळाचं सगळं रान त्यांनी आधीच खाल्लंय, एवढं एकच घर उरलंय. तिथे कोणाला जाऊ देऊ नकोस. काचेच्या तळाची बादली घेऊन अधूनमधून बघ, आणि आहे एवढं कळव. तेवढ्यावर मी हिवाळा काढीन.

भावोजींना नमस्कार. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
आउडुन


सुंडहोल्मेन, १९ ऑक्टोबर

चि. आउडुनास,
अ. उ. आ.

काय लिहू रे? तुझं पत्र नेहमीसारखं जेवताना मोठ्याने वाचत होते. खुणा वाचून झाल्या, पहिलं पान संपलं, आणि हे काटा-चमचा ठेवून उठलेच. शहरात राहून तू रीत विसरलास का रे? समुद्र कायमचा सोडल्याशिवाय कोणी आपल्या मासेमारीच्या जागेच्या खुणा देत नाही. दिल्या, की ऐकणाऱ्याने पुढचा शब्द न ऐकता निघायचं आणि पहिला मासा देणाऱ्याला पाठवायचा. बाबांनी त्यांची जागा तुला दिली, तेव्हा तूही ताटावरून असाच धावला होतास.

मी खुळी डोळे पुसत बसले. पान उलटलं तोवर होडी भूशिरापाशी पोचली होती. धक्क्यावरून घसा फाटेस्तोवर ओरडले. त्यांनी हसून हात हलवला.

लांब आकडीने ओढून काढला. जागचा हललाच नाही म्हणाले. पोट खपाटीला गेलं होतं. आणि हॉल्वार रडले रे! तीस वर्षं मला टोमणे मारले, पण शेवटी पोराने भाऊ मानलं, असं म्हणत होते. माझ्याने खरं सांगवलं नाही. मासा त्यांनी स्वतः बर्फात बांधून बोटीवर चढवलाय.

काल बादली घेऊन गेले होते. कपारीत काटेरी गोळेच गोळे. दुसरं काही दिसलं नाही. मला माफ कर, आउडुन.

तुझी अभागी,
ताई


बोडो, २४ ऑक्टोबर

ती. हॉल्वारभावोजींस,
सा. न. वि. वि.

मासा पोचला. इथल्या स्वयंपाकीणबाईंनी लोण्यात परतून, बटाटे उकडून वाढला. सगळा खाल्ला, काटेसुद्धा चोखले. मधेच डोळ्यांना पाणी आलं, तर खारट झालाय का असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आमच्या भावोजींनी पाठवलाय.

जागा आता तुमची. तिथे पुन्हा काही मिळेल असं वाटत नाही. नाही मिळालं तर स्वतःला बोल लावू नका. आणि टोमण्यांचं म्हणाल, तर ते भावालाच मारतात.

ताईला म्हणावं, तिचं काही चुकलं नाही. बादली आता होडीघरात उलटी घालून ठेव, असंही तिला सांगा.

लोभ होता, आहे.

तुमचा,
आउडुन