देवळीतला निवडुंग

माय, तुझ्या निवडुंगाचा डबा शेवटी खालून सडला. तोच तुपाचा डबा, कापसाच्या जीनच्या मॅनेजरच्या बंगल्यातून तू आणलेला. पत्र्याची चाळण झाली होती आणि बुडातून मुळं बाहेर येऊन भिंतीच्या मातीत शिरू बघत होती. झाड आता लिंबाएवढं राहिलं नाही, नारळाएवढं झालंय, आणि त्याच्या अंगाला पिलं लागलीत, कोंबडीच्या पंखाखालून डोकावतात तशी. कुंडी बदलणं भागच होतं. एवढ्याशा कामावरून आपल्या घरात जे झालं ते तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो, की हा हे मला काऊन सांगून राह्यला.

तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि भिंतीतल्या देवळीत देव होते. आता नाहीत. आपल्या सगळ्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आपण बौद्ध झालो. परत आल्यावर घराघरातले देव फडक्यात बांधून लोकांनी नाल्याच्या डोहात सोडले. बासुद्धा गेला. मी त्याच्या मागेच उभा होतो. त्यानं चुलीतली राख टाकावी तसं गाठोडं सोडलं, घरी आला, आणि ओट्यावरचा तुझा निवडुंग उचलून रिकाम्या देवळीत ठेवला. विचारलं तर म्हणाला, तिथं ऊन येते. येतं, खोटं नाही. सकाळी खिडकीतून एक तिरीप तिथं पडते. पण मला ते तेव्हाच खटकलं. देव गेले त्याच दिवशी, त्याच जागेवर. आणि वर रोज सकाळी जीनमध्ये कामाला निघण्याआधी तिथं जाऊन उभं राहायचं. निवडुंगाला रोज बघण्यासारखं काय असतं?

काकाच्या डोक्यात त्याहून पुढचं शिरलं. तू माहेरून आणलेला कुळदेवाचा चांदीचा टाक, अंगठ्याएवढा, कोपरा मुडपलेला, तो त्या गाठोड्यात नव्हता. गाठोडं बांधताना काका तिथंच होता. त्यानं विचारलं, तर बा एवढंच म्हणाला की तो तिच्यासंगच गेला, आणि तंबाखू मळत बसला. हे काय उत्तर झालं, माय? घरातली बाई गेली की लोक असंच म्हणतात, घरातलं हसू तिच्यासंग गेलं, चव तिच्यासंग गेली. काका उठला आणि वस्तीभर सांगत सुटला की माह्या भावानं देव बुडवला नाई, निवडुंगाखाली पुरून ठेवला. मी काकाशी भांडलो. पण मनातून मला काकाचंच खरं वाटत होतं.

यात माझं काय जात होतं ते कळायला तुला तिच्याबद्दल सांगावं लागेल. सिंदीला रेल्वेच्या गँगचे मुकादम आहेत, त्यांची मुलगी. दीक्षेला जाताना गाडीत ती समोरच्या बाकावर होती, पांढरं लुगडं नेसून, आजीचं डोकं मांडीवर घेऊन. सगळ्या वाटेत ती माझ्याशी एकदाच बोलली, तुमच्यापाशी पाणी आहे का, म्हणून. तेवढ्यावर मी नागपूरला कॉलेजचे दिवस काढले, आणि तेवढ्यावरच कॉलेज सोडलंही. होस्टेलमध्ये आपल्याकडचा एक पोरगा म्हणाला की तिला कामठीचं स्थळ आलंय. मी त्याची कॉलर धरली. मग वाटलं, याला कसं कळलं? याला कुणी मुद्दाम तर पाठवलं नाही? दुसऱ्या दिवशी परीक्षेचं, पुस्तकांचं सगळं तसंच टाकून मी सिंदीच्या गाडीत बसलो. कामठीचं स्थळ खोटं निघालं. तरी मी परत गेलो नाही. आपण पाठ फिरवावी आणि नेमकं तेव्हाच खरं स्थळ यावं, असंही होतंच ना. तू असतीस तर केरसुणी घेऊन मला स्टेशनापर्यंत हाकललं असतंस. बानं नुसतं ताट वाढलं.

पुढं तोच मुकादमांकडे शब्द टाकायला गेला. त्यांनी चहा दिला, बसवलं, आणि सांगितलं, "देव ज्या घरातून निंगाले नाई, त्या घरात माही पोरगी नाई जाणार." काकाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. माणूस वाईट नाही, माय. दीक्षेनंतर त्यांनी स्वतःच्या आईच्या हातातून देव सोडवून घेतले होते, आणि ती म्हातारी कितीतरी दिवस त्यांच्या ताटात भाकर टाकताना तोंड फिरवत असे. एवढं सोसलेल्या माणसानं पोरीला पुन्हा त्याच देवापुढं का उभं करावं? मला ते पटलं आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी बावर ओरडलो, की हा डबा आत्ताच्या आत्ता अंगणात आपटतो, होऊन जाऊ दे. बा म्हणाला, "आपटू नको. त्याइले बलाव. कुंडी बदलाचीच हाय, त्याइच्या समोरच बदलू."

इतक्या सहज? याचा अर्थ मी एकच लावला. यानं टाक आधीच काढून घेतलाय, नाहीतर मुकादम रविवारी येणार, त्याच्या आत काढणार. मग मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो जीनमधून आला की त्याचे हात बघायचे, नखांत माती आहे का. सरकीची धूळ असायची. एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी स्वतःच तुरीची काडी घेऊन डब्यापाशी गेलो. आत खुपसून बघितलं असतं, काही लागलं तर कळलंच असतं. काडी मातीला टेकवली आणि मला तू दिसलीस.

बंगल्याचं मागचं अंगण. तू राखेनं भांडी घासते आहेस, मी तुझ्याजवळ उकिडवा बसलोय. मॅनेजरच्या बायकोनं कुंड्यांतली जास्तीची पिलं तोडून कचऱ्यात टाकली आहेत. तू आजूबाजूला बघतेस, त्यातलं एक पदरात घेतेस, आणि वाटभर तुझ्या पोटाला त्याची कुसं टोचत राहतात. आपल्या घरात फुकटचं आणि विलायती असं ते एकच. घरी येऊन तू डब्याच्या बुडाला भोक पाडलंस, त्यावर खापराचा तुकडा ठेवलास, नाल्याची वाळू आणि विटेचा चुरा घातलास. बंगल्यातल्या माळ्याला तू तसं करताना पाहिलं होतंस. पाणी मात्र घातलं नाहीस. मला काही धीर निघेना. रोज शाळेतून आलो की मी ते उपटून बघायचो, मूळ फुटलं का. एक दिवस तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. म्हणालीस, "रोज उकरून पाह्यशीन तं जगन का ते, पोट्ट्या?"

काडी मी फेकून दिली. पण बाच्या हातांकडे बघणं काही सोडलं नाही.

रविवारी सकाळी मुकादम आले. काका न बोलावता आला. बानं आठ-दहा दिवस झाडाला पाणी तोडलं होतं, माती सुटी व्हावी म्हणून. अंगणात तरट अंथरलं, कुंभाराकडून आणलेली कुंडी शेजारी ठेवली, छिन्नीनं डब्याचा पत्रा उभा चिरला. दुसऱ्या तरटाची घडी करून झाड त्यात धरलं आणि मला म्हणाला, धर. मी धरलं. मुळांत गच्च बसलेली माती डब्याच्याच आकाराची झाली होती. बानं ती फोडली नाही. मुकादमांकडे बघून म्हणाला, तुमी फोडा. त्यांनी बाह्या वर केल्या, खाली बसले आणि बोटांनी माती मोकळी करू लागले. काका त्यांच्या खांद्यावरून वाकला होता. मी मातीकडे बघत नव्हतो, बाच्या तोंडाकडे बघत होतो. तो मुळांकडे बघत होता, कुठलं तुटतंय का म्हणून.

खापराचा तो तुकडा निघाला. विटेचे खडे निघाले. दुसरं काही नाही. मुकादमांनी एक एक ढेकूळ चुरून बघितलं, मूळही चाचपलं, आणि त्यांची बोटं कुसांनी भरली. ते तसेच बसले, कुसं उपटत.

मग बा बोलला. कुणी विचारलं नव्हतं.

"तिच्या मुठीत देल्ला होता म्या तो टाक. माती द्याच्या आंधी. तवा आपण देवच पुजत होतो. तिले तेवढाच आधार होता."

काका म्हणाला, "मंग आंधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं तं होतं," बा म्हणाला, आणि कुंडीत वाळू टाकायला लागला.

बानं तुझंच खापर कुंडीच्या भोकावर ठेवलं, झाड बसवलं, बोटांनी माती दाबली. पिलांपैकी तीन-चार हाताला लागून सुटली होती. मुकादम उठले, धोतर झटकलं, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. म्हणाले, "त्यातलं एक देता का? पोरीले असले झाडं आवडते." मी फडक्यात गुंडाळून दिलं. ते गेल्यावर माझ्या मनात आलं, खरंच पोरीसाठी नेलं, का घरी नेऊन तेही चिरून बघणार? माय, मी हा असा आहे. बुधवारी बोलणी करायला या असा त्यांचा निरोप आला, तेव्हाही मी निरोप आणणाऱ्याला उलटसुलट विचारून घेतलं. तो शेवटी म्हणाला, लगन तुह्यं हाय का कोर्टात केस हाय?

कुंडी पुन्हा देवळीतच आहे. बा सकाळी तिच्यापुढं उभा राहतो आणि आता मी काही म्हणत नाही. तो देवाकडे बघत नव्हता हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आता तोंडावर कसं सांगू? माती उकरून काही निघालं नाही तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण तुझ्या हातचं काहीतरी निघावं असंही कुठंतरी वाटत होतं. खापर निघालं, तेवढं तुझंच.

हे पत्र तुझ्याजवळ आणून पुरायचं असं ठरवून लिहायला बसलो होतो. तुला वाचता येत नव्हतं, पण एका मुठीत देव आहे तर दुसरीत कागद राहील, असा माझा हिशेब. ते आता करणार नाही. बोलणी करून सिंदीहून परत येताना मी नाल्याच्या पल्याड बाभळीपाशी थांबलो होतो, तू आहेस तिथं. बा पुढं निघून गेला होता. जमीन सपाट झाली आहे, वर गवत आहे. मी बराच वेळ त्या मातीकडे बघत उभा होतो, आणि मला काय वाटत होतं ते तुला कळलं असेल. हात लावला नाही. पण कागद पुरायला माती उकरावी लागेल, आणि एकदा उकरायला लागलो की कागदापुरतंच उकरीन, तुझ्या मुठीपर्यंत जाणार नाही, याचा माझा मलाच भरवसा नाही.