सोग्रस फाट्यावरून परत

नाशिकरोड,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

चि. सौ. विशाखा हिस,

सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकली असशील. अक्षर ओळखलंस का? तुला कित्ता गिरवायला बसवायचो तेच अक्षर आहे, फक्त आता ओळी वाकड्या जातात. इकडे थंडी बरीच आहे. माझी तब्येत ठीक. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसतं. वेदिका यंदा बारावीला ना? रवीचं गॅरेज चांगलं चालतं असं कानावर येतं, बरं वाटतं. हो, बरं वाटतं. हे वाक्य लिहायला मला सव्वीस वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. मला तुला तुझ्या आईबद्दल सांगायचंय, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्याबद्दल एक सांगायचंय, ते जास्त वाईट आहे. पण एकदम सांगता येत नाही. गाडीपासून सुरुवात केली तर हात चालेल. वैतागू नकोस, आणि मधलं सोडून शेवट वाचू नकोस. लहानपणापासून तुझी ती खोड आहे.

देवळाली कँपातल्या पारशी म्हाताऱ्याकडून आपण डॉज आणली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. छप्पनचं मॉडेल, वर मलईसारखा रंग आणि खाली निळा. म्हातारा चावी देताना रडला होता, आणि मी मनात म्हटलं, लोखंडासाठी कुणी रडतं का? तुला आठवतं का, पहिल्या दिवशी तू पुढच्या लांब सीटवर आडवी झोपलीस आणि उठायलाच तयार नव्हतीस. तुझी आई म्हणाली, घरात एवढी मोठी खाट नाही आपल्याकडे.

त्या गाडीने आपल्याला जगवलं. त्र्यंबकच्या भाविकांच्या फेऱ्या मारल्या. देवाला मी मानत नाही, पण देवाच्या रस्त्यावर माझी चूल पेटत होती, ते कबूल करायला पाहिजे. आणि लग्नसराईत तर श्वास घ्यायला फुरसत नसायची. वसाहतीतली एकही नवरी दुसऱ्या गाडीतून सासरी गेली नाही. लोक डॉज म्हणतच नसत, नवरीची गाडी म्हणत. एका पैशाचं भाडं न घेता मी पोरी पोचवल्या. ज्यांच्या आज्यांना गावच्या वेशीतून चप्पल घालून जाता येत नव्हतं, त्यांच्या नाती अमेरिकन गाडीत बसून सासरी निघाल्या. ते बघताना माझी छाती फुगायची. मग ती छाती कुठं गेली कुणास ठाऊक.

तू त्या गाडीतच वाढलीस. दहा वर्षांची असताना मला न विचारता योग्य नंबरचा पाना हातात द्यायचीस. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचीस. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडून आतला रोटर बोटाने दाखवायचीस आणि आईला सांगायचीस, एवढासा तुकडा आहे पण हा नसला तर अख्खी गाडी मेली. मीच शिकवलं होतं.

मग तू रवीचं नाव घेतलंस. गॅरेजमधला पोरगा. मला त्याच्या हातांचा राग आला. काळे, फाटलेले, माझ्यासारखेच. तुला डी.एड.ला घातलं होतं, ते काय ऑइलचे कपडे धुवायला? घरात महिनाभर अबोला झाला. शेवटी चार लोकांनी समजावलं म्हणून मी हो म्हटलं. हो म्हटलं ते तोंडाने.

त्या दिवशी पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. गाडी फुलांनी मढवली होती. तू पांढऱ्या साडीत मागे येऊन बसलीस. मी चावी फिरवली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. पुन्हा फिरवली. लोक म्हणायला लागले, आजच नेमकं हिला काय झालं. मी उतरून बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. रवी बाह्या वर करत पुढं यायला निघाला. त्याच्या आधी तू उतरलीस.

तू वाकून झाकणाच्या दोन्ही क्लिपा सोडवल्यास, आत बघितलंस, झाकण परत बसवलंस. साडीच्या पदराला काळा डाग पडला. मग माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, तेच मला अजून सहन होत नाही. आणि रवीकडे वळून म्हणालीस, "राहू द्या. गाडी जुनी झालीय. दादांना उगाच त्रास नको."

रोटर माझ्या विजारीच्या खिशात होता. सकाळीच काढला होता. मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. गाडी निघाली नाही तर उशीर होईल, तू रडशील, जात नाही म्हणशील, असलं काहीतरी बिनडोक. दुसऱ्यांच्या पोरी पोचवल्या, तुला पोचवायला हात उठेना, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. खोटं आहे ते. खुन्नस होती, दुसरं काही नाही. तू शेजारच्या टेम्पोत बसून गेलीस. सगळ्या वसाहतीसमोर माझी लाज तू झाकलीस, आणि मी ती झाकू दिली.

दोन दिवसांनी विजार धुताना तो तुझ्या आईला सापडला. रात्री जेवायला बसलो तर ताटात मीठ वाढतात त्या जागी रोटर ठेवलेला. मी तो बाजूला केला आणि जेवलो.

पाचव्या दिवशी मुराळी म्हणून तुला आणायला मी जायचं होतं. तुझ्या आईने करंज्या केल्या होत्या, पिशवी भरून दारात ठेवली होती. मी गाडीखाली झोपून राहिलो, काम आहे म्हणून सांगितलं. तू निरोप पाठवलास, दादा न्यायला आले की येईन. काही चुकीचं बोलली नाहीस. लेक बोलावल्याशिवाय येत नाही, आणि बाप गेल्याशिवाय ते बोलावणं होत नाही. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. मग दिवाळीत जाऊ. मग इतके दिवस झाले की आता जायचं तर काय तोंड घेऊन जायचं, हाच प्रश्न उरला.

दर रविवारी शेजारच्या अंबूबाईच्या फोनवरून तुझी आई तुझ्याशी बोलायची, हे मला माहीत होतं. मी ओट्यावर आलो की ती नुसतं हं हं करायची. मी मुद्दाम लांब फिरून यायचो, म्हणजे तुम्हाला बोलता येईल. एवढंच काय ते माझं मोठेपण.

आता गेले दोन रविवार तू फोन करत असशील आणि अंबूबाई उचलत नसेल. ती यापुढेही उचलणार नव्हती. त्याचं कारण पुढं लिहितो.

विशा, तुझी आई गेली. दोन तारखेला, गुरुवारी.

तिचं हृदय थकलंय हे तिने तुला सांगितलं नव्हतं. मलाही सांगू देत नव्हती. डिसेंबरात डॉक्टरांनी महिन्यांचा हिशोब सांगितला. घरी आल्यावर म्हणाली, मला विशाकडे ने. मी म्हटलं, रिक्षावाल्याला सांगून चांगली नवी गाडी करू. म्हणाली, त्याच गाडीने. नाहीतर येत नाही. आठवडाभर मी डॉजखाली होतो. बॅटरी नवी टाकली, पॉइंट घासले, रबरी पाइप बदलले. शहात्तर वर्षांच्या माणसाने हे करू नये, पण हात आपोआप चालत होते. खरं सांगतो, इतका आनंद मला खूप वर्षांत झाला नव्हता.

गुरुवारी सकाळी नऊला निघालो. अख्खी वसाहत बाहेर आली होती. अंबूबाईने तुझ्या आईच्या मांडीवर शाल टाकली. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हातारा लेकीला आणायला चाललाय. पिंपळगावच्या टोलनाक्यावर पोरांनी गाडीबरोबर फोटो काढले. तुझी आई काच खाली करून सगळ्यांना सांगत होती, लेकीकडे चाललो.

वडाळीभोईच्या पुढं रेडिएटरने पाणी टाकलं. गाडी कडेला घेतली. मी डबा घेऊन पाण्याला निघालो तर तिने हाक मारली. म्हणाली, "पोचलो की आधी तुम्ही उतरा. मी मागून उतरते. दार तुम्हीच वाजवायचं."

हो म्हटलं. ढाब्यावरून पाणी घेऊन यायला दहा मिनिटं लागली असतील. येऊन बघतो तर डोकं काचेला टेकलेलं. मला वाटलं, झोपली. रेडिएटर थंड होऊ दिला, पाणी भरलं, झाकण लावलं, फडक्याला हात पुसले. मग दार उघडून म्हटलं, मालन, निघू या. हात लावला तेव्हा कळलं.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

सोग्रस फाट्याची पाटी समोर दिसत होती. तिथून चांदवडला तुझं घर पाच-सहा मैल. लेकरा, मला सरळ जाता येत होतं. मी नाही गेलो. दुभाजकाच्या पुढच्या तोडीला गाडी वळवली आणि नाशिकचा रस्ता धरला. सव्वीस वर्षांनी तुझं दार वाजवायचं आणि तुला म्हणायचं, बघ, आई आणली? मला नाही जमलं. हे कारण आहे, माफीची मागणी नाही.

येताना उजव्या हाताने हँडल आणि डाव्या हाताने तिचा खांदा. गिअर बदलायला सोडायचो, परत धरायचो. ओझरजवळ एक गाडी बाजूला आली. आतल्या पोरांनी मोबाईल काढला, शूटिंग केलं, जुनी गाडी बघून मला अंगठा दाखवला. कुणाच्यातरी फोनमध्ये तुझी आई आहे, शाल पांघरून माझ्या शेजारी बसलेली.

आणि आता ते, ज्यासाठी पत्र लिहितोय.

वसाहतीत गाडी शिरली, लोक धावले. रडारड झाली. अंबूबाईने मला धरून विचारलं, विशाखा कुठंय? मी म्हटलं, नाही आली. एवढंच म्हटलं, ते खरंच होतं. ती म्हणाली, "आईला अशी बघूनसुद्धा नाही आली? दारातून परत पाठवली?"

मी मान हलवली.

नाही म्हणून हलवायची होती की हो म्हणून, ते मलाही ठाऊक नाही असं मी अकरा दिवस स्वतःला सांगतोय. हो म्हणूनच हलवली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं की लेकीने दार लावून घेतलं आणि मालनबाईने त्या धसक्याने रस्त्यात जीव सोडला. तुला कळवायचंच नाही असं लोकांनीच ठरवलं. अंबूबाईने आपल्या फोनवर तुझा नंबर बंद करून टाकला, एवढा तिला राग. मी तिथंच बसलो होतो, सगळं ऐकत. तुझ्या आईला तुझ्याशिवाय नेलं.

काल विहारात पुण्यानुमोदन झालं. जो तो उठून तुझ्या आईबद्दल चांगलं बोलला, आणि तुझ्याबद्दल नको ते बोलला. शेवटी मला बोलायला सांगितलं. मी ठरवून गेलो होतो. पंचशीलात चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते आताच सगळ्यांबरोबर म्हटलं होतं. उभा राहिलो, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला बोलवत नाही बिचाऱ्याला. कुणीतरी पाठीवर हात फिरवला.

तू माझी लाज राखलीस तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. मी शहात्तरचा आहे, आणि तुझी मी भर चौकात घालवली. रात्री झोप लागत नाही हे सांगून उपयोग नाही, लागू नयेच.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवरचं उद्या मी नाकारेन, इतका मी स्वतःला ओळखतो. म्हणून कागदावर लिहिलं, तारीख टाकली. हा कागद फाडू नकोस. उद्या कुणी तुला म्हणालं की आईला दारातून परत पाठवलीस, तर त्याच्या हातात हा दे. तुझ्या दारापर्यंत कुणी आलंच नव्हतं.

पत्र अंबूबाईच्या गोटीरामबरोबर पाठवतोय. तो दुपारी पिकअप घेऊन चांदवडच्या बाजारात जाणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. त्याला सांगणार आहे, निघायच्या आधी हे आईला वाचून दाखव, मग दे. ती ऐकेल, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. तोंडाने सांगायची धमक माझ्यात नाही, पोराच्या तोंडून सांगतोय. तेवढाच भेकडपणा अजून माफ कर, किंवा करू नकोस.

ये असं मी लिहीत नाही. मी येतो असंही लिहीत नाही, तो शब्द माझ्या तोंडी आता शोभत नाही. रवीला आणि वेदिकाला हे वाचायला दे.

खाली पूर्ण नाव लिहून सही करतो. दादा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

निवृत्ती सावळीराम गांगुर्डे