एका डॉलरचा पूल

डनमोर फेरी, न्यू हॅम्पशर
१० मार्च १९९३

प्रिय बर्निस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. लिहिल्यावर पुढे विनंती यायला हवी, पण या खेपेस कबुलीजबाब येणार आहे. तेव्हा आधी खुर्ची ओढून बस.

काल आमची गावसभा झाली. गेली बावीस वर्षं मी दर मार्चमध्ये उठतो आणि कुठल्यातरी खर्चाची रक्कम कापून एक डॉलर करावी अशी सूचना मांडतो, हे तुला ठाऊकच आहे. शाळेचं छप्पर असो नाहीतर बर्फ काढायचा ट्रक. लोक हसतात, तुझी वहिनी लुएला कोटाची बाही ओढून मला खाली बसवते, सूचना आपटते आणि सगळे जेवायला जातात. यंदा पाळी आली पुलाची, तोच तुमच्याआमच्या मधला, नदीवरचा. नवा पूल बांधायला शंभरातले ऐंशी डॉलर केंद्र सरकार देणार, उरलेले बहुतेक आमचं राज्य देणार, आणि गावाने घालायचे फक्त एकतीस हजार. मी उठलो. म्हणालो की या राज्यात पगारावर कर नाही, दुकानात कर नाही, आणि म्हणूनच आपण कोणाचे मिंधे नाही. वॉशिंग्टनचा पैसा एकदा घेतला की पुढे जन्मभर वॉशिंग्टनची हांजी हांजी. भाषण चांगलं झालं. इतकं चांगलं व्हायला नको होतं.

बारा वाजायला दहा मिनिटं होती गं. गावातल्या शहाण्या बायका सगळ्या तळघरात, हॅम कापण्यात आणि काकवीतल्या बीन्स गरम करण्यात गुंतलेल्या. बाही ओढणारी लुएला खुब्याचं हाड मोडून तुमच्या काठावरच्या शुश्रूषागृहात. वर सभेत उरलो आम्ही भुकेले पुरुष. सभाध्यक्षाने हात वर करायला सांगितले. चव्वेचाळीस माझ्या बाजूने, एकतीस विरुद्ध. पुलासाठी एक डॉलर मंजूर. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकलो आणि मला दरदरून घाम फुटला.

बायका वर आल्या तेव्हा निकाल लागून गेला होता. गावाचं दप्तर सांभाळणारी आमची टाउन क्लार्क थेल्मा कॉब हिने माझ्या बीन्स ताटात वाढल्या, पण तीन फुटांवरून. असो. पूल म्हातारा असला तरी आणखी दहा वर्षं काढेल. मी रोज साडेअकराला त्यावरून चालत येतो, लुएलाबरोबर जेवतो, दोनला परततो. ती जेवते कमी आणि मला टोकते जास्त, पण दोन्ही चालू आहे.

लोभ कमी करू नकोस, तुझ्याकडचा साठा मुळातच बेताचा आहे.
तुझा दादा,
एल्विन


वेस्ट ऑर्विल, व्हरमाँट
१४ मार्च १९९३

प्रिय दादास,

शि. सा. न. लिहिते आहे, पण गुडघ्यांमुळे साष्टांग जमत नाही. उभ्याने केलेला गोड मानून घे.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मिंधे हा शब्द आला तेव्हा ती इतकी हसली की नर्स धावत आली. तिने विचारायला सांगितलं आहे की तिच्या खाटेचं बिल सध्या कोण भरतं. मीच सांगते, केंद्र सरकार भरतं. तुझी पेन्शन तेच धाडतं, तुमच्या शाळेतल्या पोरांच्या दुपारच्या जेवणाला तेच हातभार लावतं. एवढं सगळं पचवून तू ढेकर मात्र स्वावलंबनाची देतोस, कमाल आहे तुझी.

आम्ही इथे मिळकतीवर कर भरतो, दुकानात शेकडा पाच भरतो आणि वर केंद्राकडेही हात पसरतो, पण निदान पसरलेला हात खिशात लपवत नाही. हे वाक्य मी फार ऐटीत लिहिलं, पण मग वहिनीने माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा कबूल करून टाकते. माझं कपडे धुण्याचं यंत्र तुमच्या काठावरच्या दुकानातून आणलेलं आहे. पाच टक्के वाचवायला मी ते आईच्या गोधडीखाली झाकून पूल ओलांडला होता, आणि कराच्या कागदावर त्याचा उल्लेख करायला इतकी वर्षं विसरते आहे. म्हणजे नीतीच्या गोष्टी तुला सांगायला मी अगदी योग्य बाई आहे.

वहिनीला ताप नाही. दुपारी तू जाईपर्यंत खाते, रात्री नुसतं चिवडते.

राग आठवडाभर राहील, लोभ त्यानंतर पूर्ववत.
बर्निस


डनमोर फेरी
२४ एप्रिल १९९३

प्रिय बर्निस,

आशीर्वाद आहेतच. पत्र दोन दिवस उशिरा पोचेल, कारण टपालसुद्धा आता वळसा घालून जातं.

मंगळवारी राज्याचा तपासनीस आला. हातोडी घेऊन पुलाखाली गेला, एका तुळईवर टकटक केलं आणि ताटाएवढा गंजलेला तुकडा नदीत पडला. त्याने वर येऊन थेट दोन्ही टोकांना अडथळे लावले. मी त्याला सांगायला गेलो की गेली साठ वर्षं मी यावरून चालतो आहे. तो म्हणाला की मग नशीब पुष्कळ वापरून झालं.

आता गंमत ऐक. नदीची हद्द तुमच्या काठाला आहे. सगळं पाणी आमचं, म्हणून पूलही जवळजवळ सगळा आमचाच. लहानपणी याच गोष्टीवरून मी तुझ्या नवऱ्याला किती चिडवलं असेल! आता नदी आमची, पूल आमचा, गंज आमचा, आणि तो दुरुस्त करायला आमच्याकडे एक डॉलर. पुढचा पूल गाठून यायचं तर जायला चौतीस मैल पडतात. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि ट्रकच्या दोन्ही दिव्यांत. आठवड्यातून दोनदा येईन, उजेड असेपर्यंत. लुएलाला घरी आणावं तर दिवसातून दोनदा नर्स लागते आणि आमच्या काठावर तशी सोय नाही.

तिला सांग, मी चिडलेलो नाही. निदान दुसऱ्या कोणावर नाही.
लोभाची गरज आहे, एल्विन


वेस्ट ऑर्विल
१९ जून १९९३

दादा,

नमस्कार. आज थट्टा करणार नाही.

वहिनीचं वजन अकरा पौंडांनी उतरलं आहे. हाड नीट जुळलं नाही, दुसरं ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणतात की दुखणं हाडाचं नाही, ती जेवतच नाही. तू येतोस त्या दोन दिवशी ताट साफ असतं. बाकीचे पाच दिवस मी चमचा घेऊन बसते, गप्पा मारते, स्ट्रॉबेरी नेते. ती मला वाईट वाटू नये म्हणून दोन घास खाते आणि भिंतीकडे तोंड करते. काल म्हणाली की एल्विन समोर बसून मूर्खासारखं बडबडत नसेल तर अन्नाला चवच लागत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर ती पुढचा हिवाळा बघणार नाही.

मी तुझ्यावर रागावले आहे. तुझं ते भाषण मला हसण्यावारी नेता येत नाही. माझी वरची खोली रिकामी आहे, इथून शुश्रूषागृह चार घरं सोडून आहे. येऊन राहा.

बर्निस


डनमोर फेरी
२ ऑगस्ट १९९३

प्रिय बर्निस,

आशीर्वाद. तुझं पत्र आल्यापासून मीही नीट जेवलेलो नाही, पण माझ्या अंगावर ते दिसायला वर्ष लागेल.

खोलीबद्दल उपकार. पण तिथे सहा महिन्यांच्या वर राहिलो तर मी व्हरमाँटचा रहिवासी ठरतो, आणि आपले बाबा ज्या यादीत होते त्या मतदारयादीतून माझं नाव जातं. ते मला होणार नाही. हसू नकोस. माझ्यापाशी अभिमान सोडून फारसं काही उरलेलं नाही, आणि तोही आता तुळईसारखाच झाला आहे.

मी दुसरा मार्ग धरला आहे. राज्याने कळवलं आहे की गावाने आपला वाटा तीस सप्टेंबरच्या आत उभा केला नाही तर केंद्राचा पैसा दुसऱ्या गावाच्या पुलाला जाईल. त्यासाठी खास सभा बोलवावी लागते. थेल्माने कायद्याचं पुस्तक उघडून माझ्यासमोर आपटलं. खास सभेत पैसा मंजूर करायचा तर यादीतल्या निम्म्या लोकांनी प्रत्यक्ष येऊन मत टाकायला हवं. यादीत दोनशे चौदा नावं, म्हणजे एकशे सात माणसं. मार्चमध्ये आम्ही पंचाहत्तर होतो, तेसुद्धा जेवण होतं म्हणून.

म्हणून मी दारोदार हिंडतो आहे. माणसं दार उघडतात आणि मी सांगतो की मी गाढव आहे, कृपया पंचवीस सप्टेंबरच्या खास सभेला येऊन तसं मत टाका. पहिल्या दहा घरांत हे जड गेलं. आता सवय झाली आहे, कुत्रीसुद्धा ओळखतात. ऑरिन टॅफ्टने तर मला अंगणात उभं करून माझंच भाषण शब्दशः म्हणून दाखवलं आणि बजावलं की एल्विन थर्लोने जे पटवून दिलं ते एल्विन थर्लोही बदलू शकत नाही. इतकी निष्ठावान माणसं मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती, नेमकी आता मिळाली. लुएलाला यातलं काही सांगू नकोस, आशा लावून ठेवायला नको.

लोभ ठेव, आणि तिला खाऊ घाल.
एल्विन


वेस्ट ऑर्विल
१५ सप्टेंबर १९९३

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला मी काही सांगितलं नाही, पण या गावात गोष्ट नदीपेक्षा वेगाने वाहते. तिला सगळं कळलं आहे. तू दारोदार गाढव म्हणवून घेतोस हे ऐकून ती म्हणाली की हे काम ती चाळीस वर्षं घरात फुकट करत होती.

अजून खात नाही. परवा खुर्चीतून उठताना माझा हात धरला, तर मला तिची हाडं लागली. तू सभेचं बघ, इथलं मी बघते.

लोभ आहे, पूर्ण.
बर्निस


डनमोर फेरी
२५ सप्टेंबर १९९३

प्रिय बर्निस,

अनेक अनेक आशीर्वाद, आणि एक साष्टांग माझ्याकडून तुला. मोठा असलो तरी.

आज आमच्या सभेच्या दारापर्यंत गाडी आणलीस, पण तू खाली उतरली नाहीस. न्यू हॅम्पशरच्या सभेत पाऊल टाकणार नाही म्हणालीस आणि तुझ्या वहिनीला अंधाराच्या आत परत न्यायची म्हणून लगेच निघालीसही. म्हणून आत काय झालं ते लिहितो. पाच वाजता मतपेटी बंद व्हायची होती. पावणेपाचला थेल्माने मोजलं, एकशे सहा. मी आवारात धावलो, रस्त्यावर उभा राहिलो, जाणाऱ्या एका गाडीला थांबवलं तर ती मॅसॅच्युसेट्सची निघाली. परत आलो तो भिंतीला टेकून चक्क खाली बसलो. सत्त्याहत्तराव्या वर्षी सगळ्यांसमोर रडलो, लपवत नाही.

आणि मग दार उघडून कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत आत आणली. बर्निस, क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. आपल्या बायकोला ओळखलं नाही! एवढीशी झाली आहे ती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ थेल्मासमोर जाऊन नाव सांगितलं, लुएला थर्लो, फेरी रोड, आणि दुखणं संपलं की इथेच परतणार असल्याने आपलं मत इथलंच आहे असं ठणकावलं. थेल्माने नावापुढे खूण केली. पेटीत कागद पडला आणि मग तिने वळून माझी बाही ओढली.

एकशे सात मतं. अडुसष्ट विरुद्ध एकोणचाळीस. एकतीस हजार मंजूर, केंद्राचे पैसे आमचे. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. ऑरिनने हात मिळवला नाही, पण तत्त्वाला धरून राहिला याचं मला कौतुकच वाटलं.

मग राज्याचा इंजिनियर नकाशे गुंडाळत सहज बोलून गेला की काम पुढच्या वसंतात सुरू होईल, आणि नवा पूल दोन उन्हाळे घेईल. दोन उन्हाळे. मी गेले दोन महिने एकशे सात माणसं मोजत होतो, दिवस मोजायचं राहूनच गेलं. मघा गाडीच्या खिडकीतून मी तिच्या हातात खिशातलं अर्धं सँडविच दिलं होतं. मी उभा राहून बडबडत होतो तेवढ्यात तिने ते सगळं खाल्लं. तिच्याकडे दोन उन्हाळे नाहीत.

म्हणून सभा पांगल्यावर थेल्माला थांबवून ठेवलं आणि यादीतून माझं नाव काढून टाकायला सांगितलं. तिला वाटलं थट्टा आहे. तिने दोनदा विचारलं, मग पट्टी लावून नावावर सरळ रेघ ओढली. पुढच्या मार्चपासून या गावच्या सभेत मला मत नाही, सूचना नाही. फार तर मागच्या बाकावर पाहुणा. तुमच्या राज्याच्या कराचे कागद मागवून ठेव, मिळकतीचा आणि बाकीचाही, काय असेल तो भरीन. तक्रार करीन, पण भरीन. कोंबड्या ऑरिनला देतो आहे.

सोमवारी तुझ्या वरच्या खोलीत येतो. लुएलाला आधी सांगू नकोस, मला स्वतः सांगायचं आहे. ती नाही म्हणेल. म्हणेल की एल्विन, गावाशिवाय तू दोन दिवस काढणार नाहीस, आणि तिचं बरोबरही असेल. तरी मी येणार.

हे बहुधा शेवटचं पत्र. यापुढे जिन्यावरून ओरडेन, आणि लोभ समोरासमोर मागून घेईन.

तुझा दादा,
एल्विन