आधी अर्क, मग विष

प्रिय चिमणे,

दवाखान्यासमोर तुझ्या कंपनीच्या सिरपचा भलामोठा फलक लागलाय. हिरवंगार पान, शेजारी तुझा हसरा फोटो, खाली लिहिलंय, 'बिघडलेलं यकृत पुन्हा ठणठणीत.' दादाला तपासणीला नेताना दर वेळी तुझं तोंड बघावं लागतं. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

प्रयोगशाळेतले आपले उंदीर आठवतात का गं? तू त्यांना हात लावायची नाहीस, किंचाळायचीस. म्हणून धरायचे मी आणि फलकावरच्या त्याच पाल्याचा अर्क पाजायचीस तू. आधी आठवडाभर अर्क, मग विष. शेवटी पाहिलं तर यकृतं लालसर, गुळगुळीत! पाल्यातल्या अँटिऑक्सिडंटनी विषाचा मारा झेलला होता. हातमोजे न काढताच तू मला मिठी मारली होतीस. मग मी हट्टानं उलटं करून पाहिलं, आधी विष आणि नंतर अर्क. सगळी यकृतं पिवळट, खरखरीत, अर्क न दिलेल्या उंदरांसारखीच. ते तू आपल्या शोधनिबंधातून गाळलंस. पुढच्या वेळी घालू म्हणालीस. तुझी पुढची वेळ म्हणजे हा फलक, होय ना?

दादाचं काम तुला ठाऊक आहे. बंद खोलीत फर्निचरवर पॉलिश फवारायचं, दिवसभर थिनरची वाफ, आणि मास्क कायम खिळ्याला. मध्यंतरी त्याचे डोळे पिवळे झाले, तेव्हा डॉक्टरांनी ती खोली सोडायला सांगितलं. नेमकी तेव्हाच तू घरी येऊन गेलीस. मी प्रयोगशाळेत होते. त्यानं तुला स्वतः चहा करून दिला आणि विचारलं, हे सिरप घेतलं तर काम चालू ठेवता येईल का? तू म्हणालीस, चालेल की दादा. अगं, 'दादा' म्हणालीस त्याला! सिरपच्या बाटल्या त्यानं कारखान्यातच ठेवल्या. मला कळलं परवा, त्याच्या पोटात पाणी झाल्यावर. माझ्या दादाचं यकृत आधीच पिवळं पडलंय, हे तुझ्याइतकं आणखी कुणाला कळणार होतं? परक्या कुणी केलं असतं तर मी नुसती भांडले असते. तू केलंस, म्हणून रडू येतं.

डॉक्टर म्हणतात, फवारणी आत्ता थांबली तर अजून हातात आहे. पण हा पठ्ठ्या रोज कामावर जातो. मी ओरडले, तर म्हणतो, चिमणी पुढे गेली म्हणून तू जळतेस. माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. या घरात अजूनही विश्वास आहे तो तुझ्यावरच. म्हणून नाक मुठीत धरून लिहितेय. माफी माझ्याकडे मागू नकोस, मला नकोच आहे. तू ये. त्याच्यासमोर बस आणि सांग की तुझं सिरप त्याला वाचवणार नाही, आणि हे तुला तेव्हाही माहीत होतं. सकाळी ये, तो डबा घेऊन निघायच्या आत.

एके काळी तुझीच असलेली,
उंदीर धरणारी