मदतीच्या रकान्यात तुमचं नाव

ती. आत्याबाईंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. आज घालायचाय, म्हणून लिहायला बसले. समोर तुमच्या नातीच्या, मनूच्या दवाखान्यातला तो कागद आहे. उद्या भरून द्यायचाय.

आठवतो ना? गेल्या आठ दिवसांत मूल आपलं आपण कपडे घालतं का, केस विंचरतं का, नळ सोडतं का, खाली बसून उठतं का? पुढं चार रकाने : सहज, थोडं अवघड, फार अवघड, जमतच नाही. आणि शेवटी, कुणाची मदत लागते का?

अकराव्या वर्षी मनूचे गुडघे आणि मनगटं सुजली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लहान मुलांनाही संधिवात होतो. तुम्ही त्यांना तोंडावर म्हणालात, "म्हातारी मी हाय, अन् रोग हिला?" त्या हसल्या, पण तुमचे डोळे भरलेले मी पाहिले होते.

तेव्हापासून दोन वर्षं तो कागद आपण दोघींनी भरला. मी वाचायची, तुम्ही सांगायच्या. "मदत कशाची गं? मी करते की! घरचं माणूस करतं ती काय मदत असती व्हय? लिव्ह, समदं जमतंय." कन्नड गावच्या पाहुण्यांत तुम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, आमची सून मॅट्रिक हाय. त्याच सुनेनं सगळ्या खुणा ‘सहज’च्या रकान्यात केल्या आणि खाली सही केली. उत्तरं तुमची होती, आत्याबाई, पण सही माझी!

तुम्ही गेलात आणि मनू आठवीत गेली. गुलमंडीच्या बाजारातून शाळेचा नवा सलवार-कमीज आणला. चार दिवसांनी पाहते तर पाण्याची बाटली भरलेली परत. दुसऱ्या दिवशीही तशीच. मी रागावले, "पाणी का पीत नाहीस गं?" तेव्हा कुठं म्हणाली, "नाडी सुटत नाय, आई. पाणी प्यायलं की जावं लागतं."

घरातल्या तिच्या सगळ्या सलवारी उलट्या करून पाहिल्या. प्रत्येकीत इलॅस्टिक! तुम्ही कधी ओवलंत ते? वेण्या तुम्ही घालायच्या, भाकरी दुधात कुस्करून तुम्ही द्यायच्या, दप्तर रिक्षापर्यंत तुम्ही न्यायच्या. मला वाटायचं, नातीचे लाड चाललेत. डब्यात साखर किती उरली ते मला न उघडता सांगता यायचं, आणि पोरीच्या बोटांत जोर किती उरलाय ते ठाऊक नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" म्हटलं, तर म्हणाली, "आज्जी म्हणली, आईला सांगू नको, रडंल ती. अन् कागदावर आलं तर चार लोकांत जाईल, मग लग्नाचं कसं व्हायचं?"

तेरा वर्षांची पोर ती! लग्नाला अजून किती वर्षं आहेत, आत्याबाई, आणि नळ तिला रोज सकाळी सोडायचाय.

त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मनूला समोर बटणं लावायला सांगितली. पहिलं बटण निसटलं तसा माझा हात आपसूक पुढं गेला. "ताई, हात मांडीवर ठेवा." मी ठेवले. पाच बटणांना किती वेळ लागला म्हणून सांगू! मी मनातल्या मनात अख्खी रामरक्षा म्हटली, तरी एक राहिलंच होतं.

मग त्या म्हणाल्या, "सांधे मी तपासते, रक्त तपासते. पण घरी हिचं कसं चालतं ते मला हा कागदच सांगतो. यावर दोन वर्षं सगळं छान होतं, म्हणून औषध तेच ठेवलं."

मला तिथं जमीन दुभंगावी असं झालं. विचारलं, "पुढं कसं होईल हिचं?" त्या म्हणाल्या, "आजार शांत होऊ शकतो, पुन्हा उसळूही शकतो. आजच सांगता येणार नाही. पण आता औषध बदलू, बोटांचे व्यायाम रोज करायचे. आणि काय जमतं, काय नाही, ते खरं लिहायचं."

त्यांनी तुम्हाला बोल लावला नाही बरं का. "आजी होत्या म्हणून हिची शाळा बुडाली नाही," एवढंच म्हणाल्या. मीही ते विसरलेली नाही. पण रागही आहे, तो लपवत नाही. एकदा तरी माझ्या कानात सांगायचं होतंत! रडले असते तासभर. नंतर उठले असते की नाही?

नव्या सलवारींनाही इलॅस्टिक ओवलंय. पण आता ते मनूला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिच्या वर्गाच्या बाईंनाही सांगितलंय. बाई म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना! लिहायला जास्त वेळ देऊ तिला."

आठ दिवस झाले, सकाळी देवपूजा आटोपून मी तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसते. काल म्हणाली, "आई, तू तिकडं तोंड कर. तू बघितलं की बटण लाजतंय!" मी भिंतीकडं तोंड केलं. मागून ओरडली, "झालं! समदी!" वळून पाहिलं तर एक बटण भलत्याच काजात. तसंच ठेवलं.

कागद आत्ताच भरला. केस : फार अवघड. नळ : फार अवघड. बटणं : थोडं अवघड. खाली बसून उठणं : थोडं अवघड. चमच्यानं जेवणं : सहज. हे ‘सहज’ खरं आहे. मदतीच्या रकान्यात लिहिलं, ‘आधी आजी करायची, आता आई, तेही तिनं मदत मागितली तरच.’

तुमच्या वर्षश्राद्धाला नैवेद्याचं पान मनू वाढेल. वरण सांडलं तरी मी हात पुढं करणार नाही, हा माझा शब्द. आणि तिला नाहीच जमलं, तर पान मी वाढीन, आणि कागदावर तसंच लिहीन.

तुमची सून,
नंदा