विमल गावंडे हयात आहे

३ ऑगस्ट

मी वारले. आज सकाळी कळलं, दुसऱ्या चहानंतर.

इराने मोबाईल नाकासमोर धरला. नात दहावीत आहे, पण जीव सगळा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये. भारताच्या मुली आशियाच्या मोठ्या स्पर्धेला पात्र ठरल्यापासून दिवसभर तेच पाहत असते. कुणी प्राची नावाच्या मुलीने भारतीय महिला संघाचा जुना इतिहास जमवून नेटवर टाकलाय. "आजी, ये देखो, जबलपुर की भी एक थी!"

काळा-पांढरा फोटो. मागची रांग, डावीकडून तिसरी. विमल गावंडे, गोलकीपर, जबलपूर. पुढे लिहिलंय, दिवंगत.

म्हटलं, "ती मी."

इरा खो खो हसली. "आजी, आपका नाम तो संध्या है."

४ ऑगस्ट

काल रात्रभर पोरीने पिच्छा सोडला नाही, आज शाळा बुडवायला निघाली होती. सांगितलं सगळं. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलतात, राऊतांनी विमलची संध्या केली. आडनाव गेलंच होतं, पाठोपाठ नावही गेलं. त्याआधीची पाच वर्षं मी गोलमध्ये उभी होते. शेवटची दोन भारताच्या.

"भारत मतलब... इंडिया इंडिया?"

"इंडिया इंडिया."

आशियात दुसऱ्या आलो होतो हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. मोबाईलवर शोधलं, खरं निघालं, मग माझ्याकडे असं पाहिलं की मला आपोआप ताठ बसावं लागलं. गुडघा दुखत होता तरी.

ह्यांना विचारलं तिने, "आबा, आपको पता था?" हे म्हणाले, "हॉकी खेळायची ना ती." चाळीस वर्षं सगळ्या नातेवाइकांत हेच सांगत आले. जबलपूरची बाई आणि खेळ म्हटलं की हॉकीच, कुणी पुढे विचारत नाही. मीही कधी दुरुस्त केलं नाही. का नाही केलं?

७ ऑगस्ट

प्राचीला फोन केला. पंचविशीची असेल. हिंदी बोलते, भरभर. मी म्हटलं, "मैं विमल गावंडे बोल रही हूँ." तिने नाव परत विचारलं. मग म्हणाली, "मैडम, ऐसा मज़ाक मत कीजिए."

तिची चूक नाही. ती जबलपुरातच गढा भागात आमच्या माहेरच्या पत्त्यावर मतदार यादी घेऊन गेली होती. विमल गावंडे, तोच पत्ता, सहा वर्षांपूर्वी मृत्यू म्हणून नाव कमी केलेलं. शेजाऱ्यांनीही सांगितलं, हो, विमलताई गेल्या.

गेल्याच. पण ती माझी वहिनी.

मी सासरी आल्यावर वर्षाने दादाचं लग्न झालं. आईला विमल अशी हाक मारायची सवय. नव्या सुनेचं नाव बदलायचंच होतं, तर तिने विमलच ठेवलं. मला तेव्हा काय वाटलं ते कुठल्याच वहीत लिहिलं नाही. आज लिहिते: वाईट वाटलं होतं. माझं नाव माझ्या घरी राहिलं आणि मला बाहेर पाठवलं.

हे सगळं फोनवर प्राचीला समजावता समजावता माझी दमछाक. ती म्हणे, "एक मिनट, तो दो विमल गावंडे? और आप संध्या?"

८ ऑगस्ट

प्राचीचा उलटा फोन. पुढल्या महिन्यात गोव्यात भारताच्या मुलींचा सामना आहे. त्याआधी जुन्या खेळाडूंना मैदानात बोलावून प्रत्येकीला तिच्या नावाचा शर्ट देणार. नावं फुटबॉल महासंघाच्या वरच्या ऑफिसातून ठरतात. ऑफिस कागद मागतंय. माझी मॅट्रिकची गुणपत्रिका विमलची, आधार संध्याचं. दोघी एकच, असं शपथपत्र हवं.

मला तो शर्ट हवाय. स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे उद्या लाजायला नको. त्या फोटोखालचा 'दिवंगत' खोडून हवाय आणि मैदानात उभं राहून माझं नाव ऐकायचंय. एकदाच.

१० ऑगस्ट

हे: "काहून? आता या वयात काय सिद्ध करून राहिली तू?"

मी: "जिवंत आहे एवढंच."

हे पेपरात तोंड घालून बसले. पेपर कालचा होता.

१३ ऑगस्ट

प्राचीने विचारलं, फोटोत ओळखू येईल अशी काही खूण? म्हटलं, डाव्या हाताची करंगळी बघ, पांढरी पट्टी आहे. कँटोनमेंटच्या मैदानावर सरावात मोडली. पलटणीचे एक हवालदारसाहेब शिकवायचे आम्हाला. त्यांच्याकडे मुलींसाठी वेगळा बॉल नव्हता, दया तर नव्हतीच. त्यांनी दोन बोटं एकत्र बांधली आणि म्हणाले, "चलो, खड़ी हो." करंगळी वाकडीच जुळली. इराने तिचा फोटो काढून पाठवला.

रात्री जेवताना ती माझीच करंगळी धरून बसली होती. मग विचारलं, ग्लोव्ह्ज कसले होते? म्हटलं, लोकरीचे, थंडीतले. पावसात भिजले की बॉलपेक्षा जड. जर्सी पुरुषांच्या संघाची, खांदे कोपरापर्यंत. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायचो, स्वतःच्या वळकट्या घेऊन. इरा म्हणते, आताच्या मुलींना फिजिओ असतो, आहार लिहून देणारी बाई असते, पाठीवर यंत्र बांधतात, किती धावलीस ते सांगतं.

असूच दे. आम्ही किती धावलो ते आमचे पाय सांगतात. पण हेवा नाही वाटला, खरंच नाही. त्या पळतात तेव्हा वाटतं, हे आपण उघडून दिलेलं दार आहे. गर्वच आहे हा. असू दे.

१७ ऑगस्ट

गढ्याला दादाकडे गेले. वहिनी गेल्यापासून तो एकटा. कागदांचं बोलले, वहिनीच्या मृत्यूचा दाखला लागेल म्हटलं, दोघी वेगळ्या हे दाखवायला. जीभ अडखळत होती. दादा म्हणाला, "नाव परत न्यायला आलीस काय?" रागाने नाही म्हणाला, पण मी रडले.

मग तो आत गेला आणि कपाटातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. माझा पिवळा फुलबाह्यांचा शर्ट. गोलकीपरचा. मला वाटलं होतं आईने कधीच बोहारणीला दिला.

वहिनीने ठेवला होता. दर दिवाळीआधी धुवायची, उन्हात घालायची, कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. पोस्टमन, दूधवाले, शाळेतल्या बाया विचारायच्या, आप वही विमल गावंडे हैं क्या, फुटबॉल वाली? ती सांगायची, "नहीं जी, वो मेरी ननद है। मैं तो बस नाम की हूँ."

इतकी वर्षं मी तिच्याशी जपून वागले. सणाला साडी द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. ती मात्र माझा शर्ट धूत होती. वहिनी, चुकलं माझं.

दाखला दिला दादाने. वर म्हणाला, तिलाही आवडलं असतं.

२१ ऑगस्ट

सदर बाजारातल्या नोटरीकडे. सोबत हे. साक्षीदार म्हणून यायला तयार झाले, इराने मागे लागून केलं.

नोटरीचा बाबू: "शादी में सरनेम बदलता है। पहला नाम क्यों बदला?"

मी: "हमारे यहाँ बदलते हैं."

बाबू: "कोई कारण?"

मी काही बोलणार तोच हे म्हणाले, "कारण था."

बाबूने पेन खाली ठेवलं. ह्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. मग हिंदीतच सांगितलं, बहुतेक मराठीत बोलायचा धीर नसावा. पेपरात माझा फोटो आला होता. लग्न ठरल्यावर लोक ह्यांच्या वडिलांना विचारायचे, वही विमल गावंडे ना, जो निक्कर पहनकर खेलती है? म्हणून ठरलं, नावच बदला. ओळखणारच नाही कुणी. "मैंने हाँ कहा था," हे म्हणाले.

मला वाटत होतं रीत आहे. रीतच होती, पण त्यांनी मला रीतीखाली लपवलं.

बाबूने लिहिलं, 'विवाह उपरांत नाम परिवर्तन'. तेवढंच. सही केली.

२२ ऑगस्ट

राग. इतका की पोळ्या करपल्या. चाळीस वर्षांपूर्वी यायला हवा होता, आत्ता आला, आणि व्याजासकट.

२४ ऑगस्ट

हे भाजी आणायला गेले आणि येताना शपथपत्राच्या चार झेरॉक्स करून आणल्या. मी मागितल्या नव्हत्या.

संध्याकाळी टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. ह्यांचं अक्षर सरकारी, प्रत्येक ओळ पट्टीने आखल्यासारखी. वरच्या ऑफिसला अर्ज. "महोदय, माझी पत्नी श्रीमती विमल गावंडे ही भारतीय महिला फुटबॉल संघाची गोलरक्षक होती. ती हयात असून..." पुढे मी वाचलं नाही. डोळे भरले. संध्या राऊत असा उल्लेख शेवटी पत्त्यापुरता.

मी: "हॉकी लिहायचं राहिलं."

हे: "पुरे आता."

पूर्ण माफ नाही केलं अजून. पण वाढताना वरण जास्त घातलं.

२ सप्टेंबर

कागद पोचले. पावती आली. उत्तर नाही.

लतिकादीचा कोलकात्याहून फोन! आमची कॅप्टन. प्राचीने नंबर दिला. चाळीस वर्षांनी तोच दरडावणीचा आवाज. "विमोल! मर गई थी क्या तू?" म्हटलं, "कागज़ पर, दीदी." मग दोघी इतकं हसलो की इरा धावत आली. दीदीला सगळं आठवतं. फायनलच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, तुझ्या मागे जाळं आहे हे विसरून जा. आम्ही हरलो तो सामना, पण प्रेक्षक उठून उभे होते. उभे होते! आमच्यासाठी! पोलीसही टाळ्या वाजवत होते.

हे आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आज इराला तीनदा सांगितलं.

१० सप्टेंबर

उत्तर नाही. प्राची म्हणते, विचाराधीन. यादी छापायला गेली की नाही तिलाही कळेना. तिने आपल्या पानावरून 'दिवंगत' काढलं, तेवढं तिच्या हातात होतं. तिथे आता मी जिवंत आहे. ऑफिसात अजून नाही.

१४ सप्टेंबर

इराने मला तिच्या मैदानावर नेलं. मुली वीसेक, कुंडमकडच्या खेड्यांतल्या पाच-सहा होस्टेलवाल्या, पायांत वारं. त्यांच्या दीदीने, म्हणजे शिकवणारीने, सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की जबलपूरची पहिली इंडिया गोलकीपर आलीय. पहिली की कितवी देव जाणे, मी नाकारलं नाही. एका पोरीने विचारलं, "दादी, डर नहीं लगता था?" म्हटलं, "लगता था. फिर बॉल आ जाता था."

एक बॉल माझ्याकडे हळूच टाकला. दोन्ही हातांत धरला. छातीशी. तळव्यांना चामडं आठवत होतं, हे प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत, तरी धरला. कुणी सोड म्हणेपर्यंत सोडला नाही.

१८ सप्टेंबर

सामना चार दिवसांवर. उत्तर नाही. प्राची रडकुंडीला. म्हणते, मैडम, तुम्ही इतक्या लांब याल आणि गेटवर नाव नसलं तर?

इरा: "चलो ना आजी."

हे दुपारी बाहेर गेले आणि तीन तिकिटं घेऊन आले. माझं संध्या राऊतच्या नावाने, आधार तेच ना. पिवळा शर्ट मी बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

२० सप्टेंबर, गाडीत

जबलपूर सुटल्यापासून इरा वरच्या बर्थवर. टीसी आला. "संध्या राऊत?" "हाँ." त्याने खूण केली आणि गेला. हे म्हणाले, "हे सोपं होतं." मला हसू आलं.

मग प्राचीचा फोन. रेंज जात-येत. ऑफिसातून कळलं की यादी काल बंद झाली. माझं नाव त्यात आहे की नाही, बघायला कुणाला वेळ नाही, परवा मैदानावरच कळेल.

ह्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "इटारसीला उतरून परतीची गाडी मिळते. तू म्हणशील तसं, विमल."

ह्यांच्या तोंडून ही हाक पहिल्यांदाच. मग म्हटलं, अहो, कीपर गोल सोडून बॉलवर निघाली की निघाली. मिळेल की नाही ते पोचल्यावर. सगळ्यात वाईट काय, तर अर्ध्यात थांबणं. मग बॉल पण जातो आणि गोल पण.

हे म्हणाले, "अच्छा." आणि चपला काढून पाय वर घेऊन बसले.

इटारसी आलं. गाडी दहा मिनिटं थांबली. इराने चहा आणला, तीन कप. गाडी हलली, आम्ही आतच होतो.